तळ्याचा डिजिटल ट्विन घेताय? आधी चाचणीचा अहवाल मागा

पाण्यातले सेन्सर, उपग्रहाची चित्रे आणि हवामानाचे आकडे जोडून तुमच्या तळ्याची संगणकावर चालती प्रतिकृती तयार होते, तो डिजिटल ट्विन. भर उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन कमी पडून मासे मरून तरंगण्याआधी त्याने इशारा द्यावा, एवढीच अपेक्षा. रंगीत आलेखांवर भाळू नका. अहवाल मागा, ट्विन बनवणाऱ्या आमच्याकडूनही.

चाचणीचा डेटा वेगळा कसा काढला, हे आधी विचारा. सेन्सर दर १५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६ नोंदी करतो आणि लागोपाठच्या नोंदी जवळपास सारख्याच असतात. त्यातल्याच काही इकडून तिकडून उचलून मॉडेल, म्हणजे ट्विनमधला अंदाज बांधणारा भाग, तपासले, तर पेपर आधीच फुटलेला असतो. आम्ही एका उन्हाळ्यावर मॉडेल शिकवतो आणि दुसरा उन्हाळा, मार्च ते जून, पूर्ण झाकून ठेवतो. 'काल पहाटे होता तेवढाच ऑक्सिजन आज' हा फुकटचा अंदाज. मॉडेल त्यालाही हरवत नसेल तर पैसे वाया.

वर्षाची सरासरी चूक फसवी असते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते. म्हणून ऑक्सिजनचा तळ पहाटे गाठला जातो. सकाळी ११ ला भरलेल्या बाटलीत तो दिसतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे व वन्यजीवांसाठीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम लागतो. त्याखाली गेलेल्या किती पहाटा मॉडेलने आधी ओळखल्या आणि किती वेळा उगाच भोंगा वाजवला, हे दोन्ही आकडे वेगवेगळे घ्या.

मग ताणाची चाचणी: पाण्याचे तापमान २ अंशांनी वाढवून मॉडेल पुन्हा चालवायचे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे पहाटेचा आकडा खाली यायलाच हवा. जागचा हलला नाही, तर मॉडेलने जुना डेटा नुसता पाठ केलाय.

पुण्यात हमखास अडते ते उंचीवर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. २५ अंशांच्या पाण्यात समुद्रकाठी लिटरला ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, इथे साधारण ७.७. उंचीचा रकाना शून्यच राहिला, तर ट्विन कायम खुशीत असतो. दुसरी गोष्ट घड्याळ: उपग्रहाची वेळ (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. ऑक्सिजनचा दुपारी ३ चा कळस आलेखात सकाळी साडेनऊला दिसला, तर गडबड मॉडेलची नाही.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा. जलपर्णी आणि शेवाळ दोन्ही हिरवेच, तेव्हा काठावर जाऊन पडताळावे लागते. पावसाळ्यात ढगांमुळे बरीच चित्रे बाद होतात. त्या काळात ट्विनची भिस्त सेन्सरवरच.

आणि सेन्सरवर बुळबुळीत थर चढतो. उन्हाळ्यात प्रोब, म्हणजे सेन्सरचा पाण्यात बुडणारा भाग, दर आठवड्याला मऊ फडक्याने पुसा. तळाशी थोडे पाणी असलेल्या बरणीत, पाण्याला न टेकवता १५ मिनिटे ठेवा. संपृक्ततेचा, म्हणजे मावेल त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे त्याचा, आकडा १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवा. ९० वर अडकला तर कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सरचा आकडा पुन्हा जुळवा, तरीही नाही हलला तर प्रोबच्या टोकाची टोपी बदला. मॉडेलला हात त्यानंतर.