निरोगी शरीर दिसते कसे? वैद्यकीय प्रतिमांची पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या मराठी घरांत एक्स-रेला अजूनही ‘फोटो’च म्हणतात, आणि ‘छातीचा फोटो काढून आलो’ हे वाक्य ऐकून कोणाला स्टुडिओ आठवत नाही. शब्द तसा चुकीचाच आहे, कारण फोटोत वस्तूवरून परतलेला प्रकाश उमटतो, तर एक्स-रेत किरण शरीरातून आरपार जातात आणि त्यांच्या वाटेत जे जे आले त्याची एकत्रित सावली फिल्मवर पडते. पुस्तकी मराठीने मात्र इथे नेमका शब्द घडवला. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रंटगेन यांना हे किरण सापडले, आणि त्यांचे स्वरूप कळत नसल्यामुळे त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपल्या शाळांत ती राशी ‘क्ष’ असल्याने मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले. किरणांचे कोडे पुढे पंधरा-वीस वर्षांत सुटले. निरोगी, जिवंत शरीर या किरणांत कसे दिसायला हवे, हा ‘क्ष’ मात्र बराच चिवट निघाला.

त्याचे कारण असे की, शरीररचनेचे तोवरचे सगळे ज्ञान मृतदेहांवरून आलेले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, सात रात्रींनंतर कुजलेली त्वचा वाळा, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हलकेच घासून आतले अवयव पाहण्याची रीत सांगितली आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती प्रेत निवडण्याची अट: सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने न मेलेले, शंभरीला न पोहोचलेले आणि ‘अदीर्घव्याधिपीडित’, म्हणजे दीर्घ आजाराने न खंगलेले. रोगाने झिजलेल्या देहावरून निरोगी देहाचे माप काढू नये, इतका साधा अर्थ त्यात आहे. युरोपातील शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियस यांचा १५४३ सालचा ग्रंथ, कलकत्त्यात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी केलेले शवविच्छेदन आणि १९४९ साली सुरू झालेल्या बडोदे मेडिकल कॉलेजातले विच्छेदनाचे टेबल, या साऱ्यांची परंपरा मृतदेहाचीच. तो देह आडवा असतो, त्याचे रक्त थांबलेले असते आणि तो बहुधा बेवारस किंवा गरीब माणसाचा असतो.

रंटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, ते सर्वांना माहीत आहे. महिन्याभराने, २३ जानेवारी १८९६ रोजी, त्यांनी जाहीर व्याख्यानात वयोवृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ कोलिकर यांचा हात किरणांखाली ठेवला आणि आयुष्यभर मृत हाडे अभ्यासलेल्या त्या माणसाने स्वतःच्या जिवंत हाताची हाडे पाहिली. त्यानंतरचा प्रसार थक्क करणारा आहे. त्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये इजिप्तच्या ममींची क्ष-किरण चित्रे निघाली (कमाटी बागेतील संग्रहालयाची ममी लहानपणी पाहिलेल्यांना ती कापडे न सोडता आत डोकावण्याचा मोह समजेल), आणि १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधण्यासाठी सर्जन-मेजर बीव्हर यांनी हे यंत्र डोंगरात नेले. हाड आणि धातू यांची सावली ठळक पडते, त्यामुळे तिथे वाद नव्हता. घोटाळा सुरू झाला तो मऊ अवयवांपासून.

जठर आणि आतडी क्ष-किरणांत वेगळी दिसत नाहीत. हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने १८९६ च्या अखेरीस प्राण्यांना किरण अडवणारे बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन पचनाची हालचाल पाहिली, आणि १९१० च्या सुमारास बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. उभ्या माणसाला हे पांढरे पाणी पाजून पाहिल्यावर डॉक्टर चक्रावले, कारण आडव्या प्रेतात आटोपशीर दिसणारे जठर उभ्या जिवंत माणसात आकड्यासारखे लांबत, काहींच्या बाबतीत थेट ओटीपोटापर्यंत लोंबत होते. पुस्तकातील चित्र अपुरे आहे, असा निष्कर्ष काढायला हरकत नव्हती. पण अनेकांनी माणसालाच आजारी ठरवले. ‘अवयव खाली उतरण्याचा’ रोग आधीच नावारूपाला आला होता, त्याला आता डोळ्यांदेखत पुरावा मिळाला, आणि जठर किंवा मूत्रपिंड वर ओढून टाके घालण्याच्या शस्त्रक्रिया काही काळ उत्साहाने होत राहिल्या.

थायमस ग्रंथीची हकिकत याहून वाईट आहे. छातीच्या हाडामागे असलेली ही ग्रंथी तान्ह्या मुलांत मोठी असते आणि वयानुसार लहान होत जाते. तसेच, कुपोषण आणि लांबलेला आजार यांनीही ती झपाट्याने आकसते, हे तेव्हा नीट लक्षात आलेले नव्हते. विच्छेदनाच्या टेबलावर येणारी मुले बहुतेक गरिबाघरची, दीर्घकाळ आजारी राहून गेलेली असत. त्यांची आकसलेली ग्रंथी हेच ‘सामान्य’ माप ठरले. मग एखादे धडधाकट बाळ अचानक दगावले आणि त्याची ग्रंथी ‘वाढलेली’ आढळली की दोष तिला दिला जाई. छातीच्या एक्स-रेत तान्ह्यांची ती रुंद सावली दिसू लागल्यावर तिच्यावर उपाय म्हणून किरणांचाच मारा करण्याची पद्धत अमेरिकेत १९०७ पासून सुरू झाली आणि काही दशके चालली. ज्यांना काहीही झालेले नव्हते अशा हजारो बाळांना हे किरण दिले गेले. त्यांपैकी काहींना पुढे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला, आणि १९५० साली न्यू यॉर्कमधील दोन डॉक्टरांनी हा संबंध मांडला. ‘अदीर्घव्याधिपीडित’ ही सुश्रुताची अट त्या काळच्या एखाद्या विच्छेदनगृहाच्या भिंतीवर लिहिलेली असती, तर कदाचित हे घडले नसते.

क्षयरोगाने दुसराच प्रश्न उभा केला. ब्राझीलच्या मानुएल दि अब्रेयू यांनी १९३६ साली पडद्यावरील प्रतिमेचे छोट्या फिल्मवर छायाचित्र घेण्याची स्वस्त पद्धत काढल्यावर रांगेने हजारोंच्या छात्या तपासणे शक्य झाले. कोणत्या आकाराची फिल्म चांगली, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत केलेल्या आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पाच जाणकारांनी त्याच त्या लोकांच्या फिल्म वाचल्या. फिल्मच्या प्रकारांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो वाचणाऱ्यांत, आणि तीच फिल्म पुन्हा दाखवल्यावर तोच जाणकार पुष्कळदा आपले मत बदलत होता. भारतात १९५५-५८ च्या राष्ट्रीय पाहणीत फिरते एक्स-रे यंत्र वापरले गेले, परंतु १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने निदानाचा भार बेडक्याच्या तपासणीवर टाकला. पैशाचा विचार त्यात होताच. पण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला की मतभेदाला फारसा वाव उरत नाही, हेही खरे.

एकावर एक पडलेल्या सावल्या सोडवण्याचे काम १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात साधले. तोवर मेंदूतील गाठ शोधण्यासाठी त्याच्या पोकळ्यांत हवा भरत, आणि १९१८ पासून चालत आलेली ती तपासणी रुग्णाला नकोशी करून सोडी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने डोक्याचा आडवा छेद दाखवला आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा दिला: आजच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार. गंमत अशी की, असे छेद वाचायचे कसे हे बहुतेक डॉक्टरांना शिकवलेलेच नव्हते. रशियातील सर्जन पिरोगोव्ह यांनी १८५० च्या दशकात गोठवलेली प्रेते करवतीने कापून नेमके असेच छेद चितारून ठेवले होते. शतकभर फारसे कोणाच्या उपयोगी न पडलेल्या त्या प्रकारच्या शरीररचनेची गरज आता पडली. सोनोग्राफी आणि एमआरआय यांनी किरणोत्साराची भीती काढली, पण पाहण्याचा प्रश्न तोच ठेवला.

एमआरआयने तर तो घरोघर नेला. पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय १९९४ साली अमेरिकेत तपासले गेले, तेव्हा ५२ टक्क्यांत किमान एका पातळीवर मणक्यांमधली चकती (बोलीतली ‘गादी’) फुगलेली आढळली आणि सर्व चकत्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. ‘गादी सरकली’ असे सांगत मोठे पाकीट घेऊन फिरणाऱ्या परिचितांना हा आकडा सांगितला तर ते रागावतात, असा माझा अनुभव आहे. रिपोर्टच्या तळाशी ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ अशी जी ओळ असते, ती टाळाटाळ म्हणून वाचली जाते. तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे.

व्यक्तीचे ‘सामान्य’ शोधायला उत्तम साधन तिचेच जुने चित्र, हे रेडिओलॉजिस्ट जाणतात. आमच्या आत्याच्या छातीच्या डिजिटल एक्स-रेत मागे उजवीकडे वरच्या भागात मुगाएवढा पांढरा ठिपका दिसला आणि सीटी करायचे ठरले. डॉक्टरांनी सहज विचारले, ‘आजी, जुना फोटो आहे का?’ दांडिया बाजारच्या घरातल्या लाकडी कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, १९७४ सालचे खाकी पाकीट सापडले. निळसर फिल्मच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, कोपऱ्यात शिशाच्या अक्षराचा ‘आर’ उलटा उमटला होता आणि चांदीचा थर एका बाजूला आरशासारखा चमकू लागला होता. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, पट्टीने मोजले, मग पडद्यावर मोजले. कधीकाळी भरून निघालेल्या क्षयाच्या व्रणावर साचलेल्या कॅल्शियमचा तो ठिपका होता, तेव्हाही तेवढाच. सीटी रद्द झाले आणि आत्याने पाकीट परत मागून घेतले.