सर्व मेट्रोमार्गांचा किमान प्रवास

मेट्रोच्या जाळ्यातल्या प्रत्येक मार्गावरून किमान एकदा जायचे आणि एकूण अंतर मात्र कमीत कमी ठेवायचे, असा प्रवासक्रम शोधण्याचा प्रश्न. गणितात तो आलेख सिद्धांत (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचा अभ्यास) या शाखेत येतो आणि ‘चिनी पोस्टमनचा प्रश्न’ या नावाने ओळखला जातो. नकाशा कितीही गुंतागुंतीचा दिसला तरी उत्तर ठरते ते एका साध्या मोजणीवर: कोणत्या स्थानकाला किती मार्ग भिडतात आणि ती संख्या सम आहे की विषम.

ही मोजणी मराठी मुलांच्या ओळखीची असते, फक्त तिचे नाव त्यांना ठाऊक नसते. चौकोन, त्याचे दोन कर्ण आणि वर त्रिकोणी झाकण अशी पाकिटाची आकृती पेन्सिल न उचलता आणि एकही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता काढायची, हे कोडे वहीच्या शेवटच्या पानावर कित्येकांनी सोडवलेले असते. वरून सुरुवात केली की हमखास फसते, खालच्या कोपऱ्यातून केली की जमते. कारण खालच्या दोन कोपऱ्यांना प्रत्येकी तीन रेघा भिडतात, बाकी सगळ्या कोपऱ्यांना दोन किंवा चार. मधल्या कुठल्याही बिंदूत आपण शिरतो आणि बाहेर पडतो, म्हणजे त्याच्या रेघा जोडीजोडीने संपतात. विषम रेघांचा बिंदू अशा वाटचालीत फक्त सुरुवातीला किंवा शेवटी बसू शकतो.

गणिती लेओनहार्ट ऑयलर याने हे तत्त्व १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडले. निमित्त होते प्रशियातील क्योनिग्सबर्ग शहराचे (आजचे रशियातील कालिनिनग्राद). प्रेगेल नदीमुळे शहराचे चार भाग पडले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहरभर फिरता येईल का, असा प्रश्न होता. एका भागाला पाच पूल भिडत होते आणि उरलेल्या तिघांना तीन-तीन. चारही विषम, म्हणून अशी फेरी अशक्य. जोडलेल्या जाळ्यात विषम बिंदू शून्य किंवा दोनच असतील तर अशी वाटचाल नक्की सापडते, ही दुसरी बाजू कार्ल हिअरहोल्त्सर याने सिद्ध केली. ती सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये छापली गेली.

पोस्टमन

ऑयलरने ‘जमेल की नाही’ एवढेच सांगितले. जमत नसेल तर किमान किती मार्ग पुन्हा तुडवावा लागेल, हा व्यवहारातला प्रश्न १९६० मध्ये चिनी गणिती मेइ-को क्वान यांनी मांडला. आपल्या हद्दीतल्या सगळ्या गल्ल्यांत पत्रे वाटून टपाल कार्यालयात परतणारा पोस्टमन त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता. प्रश्नाला ‘चिनी’ हे विशेषण त्यामुळेच चिकटले. वॉर्डातल्या प्रत्येक रस्त्यावरून जावे लागणाऱ्या घंटागाडीचा प्रश्नही हाच आहे.

उत्तराची रीत अशी. विषम बिंदूंची संख्या नेहमी समच असते, म्हणून त्यांच्या जोड्या लावता येतात. प्रत्येक जोडीमधला सर्वांत जवळचा रस्ता दुसऱ्यांदा जायचा असे ठरवले की सगळे बिंदू सम होतात आणि फेरी पूर्ण होते. जोड्या अशा लावायच्या की या दुबार रस्त्यांची बेरीज सर्वांत कमी भरेल. खरी मेख इथे आहे. सहा विषम बिंदूंच्या १५ प्रकारे जोड्या लागतात, दहांच्या ९४५ आणि वीस बिंदूंच्या ६५,४७,२९,०७५. सगळ्या तपासत बसणे हा मार्गच नव्हे. जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये जोड्या लावण्याची वेगवान पद्धत शोधली आणि १९७३ मध्ये एलिस जॉन्सन यांच्यासह ती पोस्टमनच्या प्रश्नाला लावून दाखवली. त्यामुळे शेकडो स्थानकांच्या जाळ्याचेही अचूक उत्तर संगणक चटकन देतो. नुसते ऐकून भीषण वाटणारे किती प्रश्न असे हाताशी येतात! मला हा या शाखेतला सर्वांत समाधान देणारा निष्कर्ष वाटतो.

मुंबईचे उदाहरण

कागद-पेन्सिलीने सोडवता येईल असे सुरेख जाळे मुंबईत तयार झाले. मार्गिका १ (वर्सोवा ते घाटकोपर) ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मार्गिका २अ आणि मार्गिका ७ या दोन्ही जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाल्या. मार्गिका ३ (आरे ते कफ परेड, भुयारी) ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. पुढील हिशेब या चार मार्गिकांचा आहे. लगतच्या दोन स्थानकांमधले अंतर म्हणजे एक टप्पा धरू.

मार्गिका १ वर १२ स्थानके, म्हणजे ११ टप्पे. २अ आणि ७ दहिसर पूर्वला एकमेकींना जोडलेल्या आहेत. अंधेरी पश्चिमेहून निघून दहिसरमार्गे गुंदवलीपर्यंत दोन्ही मिळून ३० स्थानके, म्हणजे २९ टप्पे. मार्गिका ३ वर २७ स्थानके, म्हणजे २६ टप्पे. एकूण ६६. अंधेरी पश्चिम हे पादचारी पुलाने डी. एन. नगरला जोडलेले आहे, तसेच गुंदवली हे पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाला. या दोन जोड्या आपण एकेक बिंदू मानू. मार्गिका १ आणि ३ मरोळ नाक्याला भेटतात.

आता मोजू. मरोळ नाक्याला चार वाटा भिडतात, तो सम. डी. एन. नगरला तीन, द्रुतगती महामार्गाला तीन. वर्सोवा, घाटकोपर, आरे आणि कफ परेड या टोकांना प्रत्येकी एक. म्हणजे सहा विषम बिंदू. प्रवास जिथे सुरू केला तिथेच संपवायची अट नसेल, तर यांतले दोन बिंदू सुरुवात आणि शेवट म्हणून मोकळे सोडता येतात आणि उरलेल्या चारांच्याच जोड्या लावाव्या लागतात.

कोणते दोन सोडायचे? मुंबईकराच्या मनात पहिल्यांदा येते ती सरळ रेघ: वर्सोव्याला बसायचे आणि घाटकोपरला उतरायचे. हा पर्याय महागात पडतो. कारण मग कफ परेडला जाऊन परत यावे लागते आणि मरोळ नाका ते कफ परेड हेच २३ टप्पे आहेत. या दोन टोकांमध्ये उत्तमात उत्तम क्रम लावला तरी २९ टप्पे दुबार होतात आणि प्रवास ९५ टप्प्यांचा भरतो. त्याऐवजी सर्वांत लांबचे टोक, म्हणजे कफ परेड, सुरुवातीला घेतले की चित्र पालटते. कफ परेडहून थेट आरेपर्यंत जायचे, तीन टप्पे उलटे येऊन मरोळ नाक्याला मार्गिका १ धरायची आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरायचे. पूल ओलांडून गुंदवलीहून दहिसरला वळसा घालून अंधेरी पश्चिमेला यायचे. पुन्हा पूल, डी. एन. नगरहून वर्सोवा, लगेच माघारी, आणि मग सरळ घाटकोपरपर्यंत. दुबार झाले ते आरेचे ३, वर्सोव्याचा १ आणि द्रुतगती महामार्ग ते मरोळ नाका हे ३, असे सातच टप्पे. एकूण ७३. याहून कमी होत नाही.

घाटकोपरऐवजी आरेला संपवले तर दुबार टप्पे आठ होतात. फरक एकाच टप्प्याचा आहे, त्यामुळे टप्प्यांऐवजी किलोमीटर किंवा मिनिटे मोजली तर निकाल उलटू शकतो. निघाल्या जागी परतायचेच असेल तर सहाही बिंदूंच्या जोड्या लावाव्या लागतात, ३४ टप्पे दुबार होतात आणि फेरी बरोबर १०० टप्प्यांची होते. अशा बंद फेरीत कुठून निघालो याने काहीच फरक पडत नाही.

इतर जाळी

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची भुयारी रेल्वे १८९६ पासून चालू आहे आणि ती १५ स्थानकांचे एकच वर्तुळ आहे. तिथे प्रश्नच उरत नाही: कुठूनही बसा, एक फेरी पुरे. पुणे आणि नागपूर यांच्या मेट्रोने अधिकचे चिन्ह तयार केले. दोन मार्गिका पुण्यात जिल्हा न्यायालय स्थानकावर, नागपुरात सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. अशा आकारात चारही टोके विषम असतात आणि नियम सोपा होतो: दोन लांब फाटे सुरुवात-शेवटाला ठेवायचे, दोन आखूड फाटे जाऊन-येऊन करायचे. टप्पे मोजले तर पुण्यात पिंपरी-चिंचवडहून निघून वनाजला संपवावे, स्वारगेट आणि रामवाडीची जा-ये मध्ये उरकावी.

पॅरिसमध्ये वेगळाच पेच आहे. तिथल्या मार्ग १० च्या पश्चिम भागात आणि मार्ग ७ बिसच्या टोकाला गाड्या वळशावरून एकाच दिशेने धावतात. काही मार्ग दुहेरी आणि काही एकेरी असे मिश्रण झाले की पोस्टमनचा प्रश्न सर्वसाधारणपणे फार अवघड होतो. ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांनी १९७६ मध्ये दाखवले, की मिश्र जाळ्यांचा प्रश्न ज्यांच्यासाठी वेगवान पद्धत कोणालाही सापडलेली नाही अशा प्रश्नांच्या वर्गात बसतो. पॅरिसपुरते वळसे थोडेच असल्याने हाताने मार्ग काढता येतो.

मार्ग की स्थानके?

‘सगळे मार्ग’ आणि ‘सगळी स्थानके’ यांत नेहमी गल्लत होते. लंडनच्या भुयारी रेल्वेची सर्व स्थानके (सध्या २७२) कमीत कमी वेळात गाठण्याचा विक्रम १९६० पासून गिनीजच्या नोंदींत आहे. तिथे स्थानकांदरम्यान धावत किंवा बसने जाता येते, खासगी वाहन चालत नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर अशाच विक्रमासाठी संगणकतज्ज्ञ पीटर सॅमसन आणि त्याच्या सोबत्यांनी १९६७ च्या प्रयत्नात पीडीपी-६ संगणकाची मदत घेतली होती. या दोन्हींत एखादा रुळांचा तुकडा गाळला तरी चालतो. तो प्रश्न फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नाच्या (दिलेली सगळी गावे कमीत कमी अंतरात गाठण्याच्या) जातीचा आहे आणि त्याला एडमंड्स यांच्यासारखी नेटकी पद्धत मिळालेली नाही. मार्गांचा प्रश्न सोपा आणि स्थानकांचा अवघड, हे प्रथमदर्शनी कोणाला पटत नाही, पण आहे तसेच.

मधल्या अंतरासाठी दुसरे वाहन चालत असेल तर मार्गांचा हिशेबही बदलतो. मुंबईची बंद फेरी घ्या: घाटकोपरला ७३ टप्पे पूर्ण झाल्यावर मध्य रेल्वेच्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला यायचे आणि तिथून कफ परेडपर्यंत मार्गिका ३ चे चारच टप्पे पुन्हा करायचे. मेट्रोचे २३ टप्पे वाचतात. याला ‘ग्रामीण पोस्टमनचा प्रश्न’ म्हणतात. ज्या मार्गांवरून जायचेच आहे ते एकमेकांना जोडलेले असतील तोवर तोही सोपा राहतो, तुटक बेटांसारखे विखुरले की अवघड होतो.

रुळांची तपासणी करणाऱ्या गाडीला मात्र जाणारा आणि येणारा असे दोन्ही रूळ तपासावे लागतात. प्रत्येक टप्पा दोन्ही दिशांनी एकेकदा जायचा म्हटला की प्रत्येक स्थानकात येणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या वाटा आपोआप सारख्या होतात, टोकाच्या स्थानकातही. मग जाळे कसेही असो, एकही टप्पा वाया न घालवता फेरी पूर्ण होते. मुंबईच्या या चार मार्गिकांसाठी तिची लांबी १३२ टप्पे.