पाळण्याची दोरी कुणाकुणाच्या हातात

बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी बाळ जात नाही, वरवंटा जातो. त्याला झबलं-टोपडं घालून निजवतात, मग बाळाची पाळी येते. पाळण्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहतात आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ या हातातून त्या हातात देतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हे अजून होतं. मला या विधीत एक जुनी समजूत दिसते: मूल झोपवायचं काम घरातल्या सगळ्यांचं.

"जिच्या हाती पाळण्याची दोरी" ही ओळ आपण म्हण असल्यासारखी वापरतो. विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकी कवीची 1865 सालची एक कविता हेच सांगते. त्या ओळीत दोरी एकाच हातात आहे. आपल्या घरांत ती फिरायची. आई जात्यावर बसली की दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायची, दळणाच्या लयीत पाळणा हलायचा. ती चुलीपाशी गेली की आज्जीकडे, आज्जी पेंगली की शाळेतून आलेल्या अक्काकडे. "पोर रडालंय गं, दोरी तरी ओढ," ही हाक जी वाटेत सापडेल तिच्यासाठी असायची. पाळणा नसेल तिथं आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी, आणि ऊसतोडीच्या फडात तीच झोळी झाडाच्या फांदीला.

सीमाभागात या दोरीला दोन भाषांचा पीळ आहे. मराठीत पाळणा आणि अंगाई, कन्नडमध्ये जोगुळ. पण मूल हलवताना दोन्हीकडे तोंडात येतं ते "जो जो". 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. शाळा, कचेऱ्या, गाड्यांवरच्या पाट्या यांचा वाद तेव्हापासून चालू आहे आणि मराठी माणसाचं त्यातलं दुखणं खरं आहे. अंथरुणात मात्र मराठी घरातलं मूलही कौदीतच गुरगुटून झोपतं. तिला वाकळ म्हणणारी घरं आहेत, कौदी म्हणणारीही आहेत. शेजारची कन्नड आज्जी "मलगु कंदा" म्हणत थोपटते तेव्हा अर्थ विचारायला कुणी थांबत नाही. लाकडी पाळण्यांचंही तसंच. घाट उतरलं की सावंतवाडीचं लाखकाम, आणि धारवाडच्या अंगाला कलघटगीचे देवादिकांची चित्रं रंगवलेले पाळणे.

पाळणा आणि अंगाई यांत फरक आहे, तो आता बराचसा पुसट झालाय. पाळणा चारचौघींत म्हणायचा. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेका दिवसाचं कडवं, रामाचा, कृष्णाचा, पुढे शिवरायांचा. त्यात बाळाला त्याचं मोठेपण ऐकवलं जातं. ही रीत फार जुनी आहे: मार्कंडेय पुराणातली मदालसा राणी आपल्या मुलांना तान्हेपणापासून आत्मज्ञान ऐकवते. पहिली तिन्ही विरक्त झाली, तेव्हा राजाने चौथ्या अलर्काला राजधर्म शिकव म्हणून गळ घातली. अंगाईला एवढा पल्ला नसतो. ती रात्री एका मुलासाठी असते, ओवीच्या चालीवर तिथल्या तिथं जुळवलेली. आज गाय कुठं चरली, मामा कधी येणार, चांदोबा कुठं लपला. शब्द संपले की नुसता हुंकार. मूल शब्दांवर झोपत नाही, त्या हुंकारावर झोपतं.

हात कमी पडले तिथं काय झालं, तेही सांगायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामाला लागल्या तेव्हा तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवलं जाई. 1920 च्या दशकात डॉ. बार्न्स यांनी केलेल्या पाहणीत कामगार बायकांच्या 98 टक्के बाळांना अफू दिली जात असल्याचं नोंदलं आहे. त्या आयांना दोष देववत नाही. पाळीचा भोंगा झाला की दोरी धरायला कुणी उरत नसे. आज अफू गेली, तरी झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप पाजणारे आहेत. ते करू नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं.

गिरण्यांच्या त्या काळात पश्चिमेत झुलवण्याविरुद्धच हवा होती. अमेरिकी बालवैद्य एमेट होल्ट यांनी 1894 च्या पुस्तकात मुलाला झुलवून निजवायची सवय अनावश्यक ठरवली. तो सल्ला शिकल्यासवरल्या घरांतून आपल्याकडेही फिरला. "हाताची सवय लावू नकोस" हे वाक्य नव्या आईला आजही ऐकावं लागतं. 2022 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी रडणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. उचलून 5 मिनिटं चालावं, झोप लागल्यावर 5 ते 8 मिनिटं घेऊन बसावं, मग खाली ठेवावं, असं त्यातून निघालं. "डोळा लागला तरी लगेच टाकू नको, जड होऊ दे," असं आपल्या आज्ज्या म्हणत आल्यात, ते हेच. सरळ पाठीवर निजवावं आणि तान्ह्याच्या तोंडाजवळ जाड वाकळ ठेवू नये, ही नवी माहिती मात्र आज्जीलाही सांगायला हवी.

आता दोरीच्या जागी मोबाईल आलाय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप सांगितली आणि वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच म्हटलं.

बेळगावच्या वडगावात विणकराच्या एका घरात मी रात्री बसले होते. मागाच्या खडखडाटात दीड वर्षाचं पोर गाढ झोपलेलं. नऊच्या सुमारास लाईट गेली, माग थांबला, आणि शांततेनं ते दचकून उठलं. आई कांड्या भरत होती, तिने मान वर केली. तोवर अंधारात आजोबांनी चाचपडत झोळीची दोरी धरली होती.