दगडाला ताण सोसत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या मावशीचं जुनं घर आहे. त्यातली माजघराशेजारची खोली इतकी लांबट आणि अरुंद, की पलंग आडवा लावला तर दार उघडत नाही. बांधणाऱ्याने जागा वाचवली असेल, असं मला लहानपणी वाटायचं. खरं कारण डोक्यावर होतं. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची छतं दगडी. वालुकाश्माच्या लांब लाद्या, ज्यांना इथे सगळे पटिया म्हणतात, या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकायच्या, वर चुन्याचा थर द्यायचा, की झालं छत. पटिया जेवढी लांब, तेवढीच खोली रुंद. मावशी तर सरळ म्हणते, "खोली किती मोठी करायची ते माणसानं नाही, पटियेनं ठरवलं."

किल्ल्यावरच्या सासबहू मंदिराचा मंडप मला उमगला तो या वाक्यामुळे.

आधी दगडाचा स्वभाव. शाळेतला खडू घ्या. दोन्ही टोकांकडून आतल्या बाजूला कितीही रेटा, सहज तुटत नाही. तोच खडू दोन्ही हातांत धरून जरासा वाकवा, लगेच कट्. वाकताना त्याची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. चीर पडते ती ताणलेल्या बाजूला. दगडाचंही हेच. वालुकाश्म दाब जेवढा सोसतो, त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा ताण सोसतो, कधी त्याहूनही कमी. भिंतीत आणि खांबात दगड फक्त दाबला जातो, म्हणून तिथे तो राजा. दोन खांबांवर आडवा टाकला की त्याच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथेच त्याचं दुखणं सुरू होतं.

हे दुखणं वाढतंही फार झपाट्याने. जाडी तीच ठेवून पटिया दुप्पट लांब केली, तर तिच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. मग जाडीही वाढवू, म्हणाल. लांबी, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं तर वजन आठपट होतं, आणि इतकी भक्कम दिसणारी तुळई आधीच्या लहान तुळईपेक्षा दुप्पट ताणाखाली असते. मोठं म्हणजे मजबूत नव्हे, हे गॅलिलिओने १६३८ साली गणिताने मांडलं. आपल्याकडच्या सूत्रधारांनी, म्हणजे देवळं रचणाऱ्या मुख्य कारागिरांनी, ते लिहून ठेवलं असेल-नसेल, पण त्यांच्या खांबांमधली अंतरं पाहिली की त्यांना ते पक्कं ठाऊक होतं हे दिसतं.

आता सासबहूत चला. नाव मुळात सहस्रबाहू, म्हणजे विष्णूचं. लोकांच्या तोंडी त्याचं सासबहू झालं आणि शेजारच्या धाकट्या देवळाला आपसूक सुनेचं नातं मिळालं. कच्छपघात राजघराण्यातल्या पद्मपालाने काम सुरू केलं, त्याच्यामागून महीपालाने पुरं केलं, आणि १०९३ सालचा लांबलचक संस्कृत शिलालेख आजही तिथे आहे. सुमारे १०० फूट लांब आणि ६३ फूट रुंद जोत्यावर हे देऊळ उभं आहे. शिखर आज नाही. तीन मजली मंडप मात्र आहे, आणि तेच आपलं भाग्य, कारण अभ्यासायचं सगळं त्या मंडपातच आहे.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न पडतो, इतके खांब कशाला? मधोमध चार जाडजूड खांब आहेत; मूर्ती-नक्षी पाहायला मान वळवावी तर तेच आड येतात. सुनेचं देऊळ लहानसं, चारही बाजूंनी मोकळं, तरी त्यालाही बारा खांब. कारण मावशीच्या खोलीचंच. त्या चार खांबांच्या डोक्यावर मंडपाच्या उतरत्या छपराचा सगळा बोजा आहे, आणि खांबांमधलं अंतर तुळईच्या कुवतीबाहेर नेणं कुणाच्याच हातात नव्हतं.

पण कुवत वाढवण्याची युक्ती हातात होती. खांबाच्या माथ्याकडे नीट पाहा. तुळई थेट खांबावर टेकलेली नसते. मध्ये दोन्ही बाजूंना पुढे आलेले दगडी हात असतात. मराठी मुलखातल्या देवळांच्या वर्णनात त्यांना हस्त म्हणतात. बरेचदा तिथे एखादा भारवाहक यक्ष पोट आवळून बसवलेला असतो. मला तो नुसता शोभेचा वाटायचा. हिशेब केला आणि मत बदललं. समजा दोन खांबांत तीन मीटर अंतर आहे आणि दोन्हीकडून हस्त अर्धा-अर्धा मीटर पुढे आलेत. तुळईला आता मोकळी दोनच मीटर जायचंय. ताण अंतराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे नऊ भागांवरून चार भागांवर, निम्म्याहूनही खाली! त्या यक्षाच्या चेहऱ्यावर कारागिराने दाखवलेले कष्ट अगदी खरे आहेत.

वरचं छत याहून सुंदर. तुळयांनी केलेल्या चौकोनाचे कोपरे दगडांनी कापून अष्टकोन करायचा, मग त्यावर वर्तुळाचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत. कमान नाही, आधाराला काही नाही, मग पडत का नाही? घरी चार सारख्या विटा घेऊन बघा. सगळ्यात वरची वीट खालच्या विटेच्या कडेबाहेर अर्धी सरकवा, तिच्या खालची पाव, मग एक षष्ठांश, मग एक अष्टमांश. बेरीज एकाहून किंचित जास्त होते, म्हणजे सर्वांत वरची वीट टेबलाच्या पूर्ण बाहेर लोंबते आणि तरीही पडत नाही. (हात थरथरला तर पडते, थोडं कमी सरकवा.) सूत्रधारांना इतक्या टोकाला जायची गरज नव्हती, कारण प्रत्येक दगडाच्या मागच्या अंगावर ते वजन ठेवत. शिवाय वर्तुळातले दगड आत पडू पाहतात तेव्हा एकमेकांच्या अंगावर येतात, रिंगणातल्या वारकऱ्यांसारखे खांद्याला खांदा लावून अडून राहतात. ताण येणार होता तिथे दाब आणला. दगडाला जे जमतं तेच त्याच्याकडून करून घेतलं.

दगड कुठला? पायाखालचाच. किल्ल्याचा डोंगर विंध्य समूहातल्या वालुकाश्माचा, उथळ समुद्रातल्या वाळूचे थर दबून झालेला, वयाने शंभर कोटी वर्षांच्या आसपास. थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून डोंगराचा माथा सपाट, आणि म्हणूनच खाणीतून लांब सपाट लाद्या सहज निघतात. मात्र या दगडाला पापुद्रे असतात. तो जमिनीत जसा झोपला होता तसाच भिंतीत झोपवला तर युगानुयुगं राहतो. उभा लावला तर पावसापाण्याने पोपडे सुटू लागतात. लष्करच्या गल्ल्यांतून फिरताना ओट्यांच्या दगडांकडे बघा, कोणता कसा लावलाय ते पन्नास-शंभर पावसाळ्यांनी स्पष्ट करून ठेवलंय. आणखी एक गोष्ट, पाया खडकावर असल्याने सासबहूला जमीन खचण्याची चिंता नाही.

सासबहूच्या शिलालेखातच एक दुवा सापडतो. त्याच घराण्यातल्या कीर्तिराजाने सिंहपानीय इथे पार्वतीपतीचं अद्भुत देऊळ उभारलं, असं त्यात म्हटलंय. सिंहपानीय म्हणजे मुरैना जिल्ह्यातलं सिहोनिया, आणि ते देऊळ म्हणजे ककनमठ. अकराव्या शतकाचा पूर्वार्ध; आपलं अंबरनाथ १०६० सालचं, म्हणजे साधारण त्याच काळातलं. ककनमठचं शिखर १०० फुटांहून उंच आहे. दगडांत चुना नाही. बाहेरचा नक्षीदार साज, सज्जे, भोवतालची छोटी देवळं कोसळली आहेत आणि आतला गाभा उघडाबोडका उभा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एक फुंकर मारली तर पडेल. म्हणून गावोगाव ऐकू येतं की हे भुतांनी एका रात्रीत बांधलं, पहाट झाली आणि अर्धवट टाकून गेली.

मला या कथेचा मनापासून राग येतो. सांगणाऱ्यांचा नव्हे, कथेचा. हजार वर्षं उभं राहील असं काम करणाऱ्या पाथरवटांचं श्रेय ती भुतांना देऊन टाकते.

चुन्याविना देऊळ म्हटलं की आपण मराठी माणसं चटकन हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री तेराव्या शतकातला. ककनमठ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. युक्ती दोन्हीकडे एकच, घर्षण. फरशीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खालचा हळूहळू तिरपा करा. साधारण तीस ते पस्तीस अंशांपर्यंत वरचा जागचा हलत नाही. आणि घर्षणाची खुबी अशी की वजन वाढेल तसं ते वाढतं. शिखराचे थर आडवेच असतात, अंश-दोन अंशांनीही कललेले नसतात, वर शेकडो टनांचा भार. असा दगड सरकवायला केवढा जोर लागेल! शिखराच्या टोकावर आवळ्याच्या आकाराचा अवजड आमलक ठेवतात तो याच कामी येतो. खालच्या थरांना तो जागच्या जागी दाबून धरतो. भूकंपात दगड एकमेकांवर किंचित घासतात, हादऱ्याची शक्ती त्या घासण्यात जिरते आणि बहुतेक दगड जागेवर राहतात.

बहुतेक, सगळे नव्हे. बाहेरच्या नक्षीदार दगडांवर वरचं वजन कमी येतं. वजन कमी म्हणजे घर्षण कमी, पकड कमी. सज्जे तर पुढेच झुकलेले. पडायचे ते आधी तेच पडतात. गाभा राहतो, कारण सगळा भार त्याच्याच डोक्यावर असतो. ककनमठचं आजचं रूप अर्धवट सोडलेल्या कामाचं नाही. पूर्ण झालेल्या देवळाने हजार वर्षांत काय गमावलं आणि काय राखलं, त्याचा तो नकाशा आहे.

दाराशी बसवलेले दोन प्रचंड सिंह आता ग्वाल्हेरमध्ये, गुजरी महालातल्या संग्रहालयाच्या दाराशी आहेत. सिहोनियाला गेलात तर शिखराकडे पाहून झाल्यावर भोवती पडलेल्या दगडांपैकी एखादा निवडा आणि नक्षीची बाजू सोडून त्याची बूड पाहा. दुसऱ्या दगडाखाली कायमची झाकली जाणार होती ती बाजू. तिच्यावर छिन्नीच्या ओळी सापडतील, आणि हात फिरवलात तर कळेल, तीही सपाट केलेली आहे.