जलाशयप्रेरित भूकंप (कोयना–वारणा परिसर)

मोठ्या धरणामागे पाणी साठू लागल्यावर जलाशयाखालच्या व आसपासच्या खडकांतील ताणांचा तोल बदलतो. त्यातून जे भूकंप होतात त्यांना जलाशयप्रेरित भूकंप म्हणतात. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना धरण आणि त्याच्या दक्षिणेस सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील चांदोलीचे वारणा धरण यांच्या परिसरातील, साधारण २० किलोमीटर रुंद व ३० किलोमीटर लांब असा सह्याद्रीचा पट्टा हे या प्रकाराचे जगात सर्वांत जास्त अभ्यासले गेलेल्या उदाहरणांपैकी एक आहे. १९६२ पासून या पट्ट्यात ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक, ४ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे सुमारे दोनशे आणि त्यांहून लहान असे हजारो धक्के नोंदले गेले आहेत. हे धक्के धरणामुळे होतात की धरण नसते तरी झाले असते, हा वाद भूविज्ञान, धरण अभियांत्रिकी आणि सरकारी धोरण या तिन्ही क्षेत्रांत अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे.

वादाचा काही भाग शब्दांचाच आहे. ‘प्रेरित’ या शब्दातून भूकंपाची सारी ऊर्जा मानवी कृतीने पुरवली असा अर्थ निघू शकतो. ए. मॅकगार व डी. डब्ल्यू. सिम्पसन यांनी १९९७ मध्ये याबाबत एक भेद सुचवला. भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ताणाचा बराचसा वाटा मानवी कृतीचा असेल तर तो भूकंप प्रेरित, आणि ताण निसर्गतःच साठलेला असून मानवी कृतीने केवळ शेवटचा धक्का दिला असेल तर तो उद्दीपित समजावा, असे त्यांचे म्हणणे होते. या कसोटीवर कोयनेचे भूकंप उद्दीपित ठरतात व अलीकडच्या संशोधनपर लेखनात तोच शब्द रुळला आहे. मराठीत मात्र ‘जलाशयप्रेरित’ हाच शब्द प्रचलित असल्याने या नोंदीत तो ठेवला आहे. परिमाण व तीव्रता यांतील भेदही लक्षात ठेवावा लागतो. परिमाण ही भूकंपात मोकळ्या झालेल्या ऊर्जेशी निगडित संख्या असून ती एका भूकंपासाठी एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला परिणाम, आणि तो गावागणिक बदलतो. वृत्तपत्रांत ‘इतक्या रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का’ असे छापले जाते, तेव्हा त्यात या दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून सुमारे ६५ किलोमीटर जवळजवळ सरळ दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या या वळणालगत १०३ मीटर उंचीचे दगडी काँक्रीटचे धरण बांधले गेले. त्याच्या शिवसागर जलाशयात पाणी साठण्यास १९६१ किंवा १९६२ च्या पावसाळ्यात सुरुवात झाली. अभ्यासक बहुधा १९६२ हे वर्ष धरतात, कारण त्या वर्षापासून जलाशयालगतच्या गावांत धक्के जाणवू लागले. या धक्क्यांबरोबर जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येत असे. धरणाचे काम तेव्हा चालूच असल्याने हा आवाज खरोखरीच्या सुरुंगाचा नाही हे ओळखणे सोपे नव्हते. नाभी, म्हणजे भूकंप जिथे सुरू होतो ती जमिनीखालची जागा, अगदी उथळ असल्यावर लहान धक्क्यातही असा आवाज ऐकू येतो, त्यामुळे गावकऱ्यांचे हे निरीक्षण शास्त्रीय दृष्ट्या मोलाचे ठरले. १९६३ च्या सुमारास कोयनानगर, सातारा, महाबळेश्वर व गोवळकोट येथे भूकंपमापक केंद्रे उभारली गेली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ हून अधिक परिमाणाचा धक्का बसला, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मुख्य भूकंप झाला. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा १० डिसेंबरची रात्र होती, म्हणून परदेशी लेखनात या भूकंपाची तारीख एक दिवस आधीची दिसते. परिमाणाबाबतही एकमत नाही. सुरुवातीच्या काही देशी अंदाजांत ते ७ किंवा त्याहून अधिक धरले होते. आज साधारण ६.३ ते ६.६ या दरम्यानचा आकडा स्वीकारला जातो आणि त्यातही ६.३ ला अधिक मान्यता आहे. मृतांची संख्या सुमारे पावणेदोनशे ते दोनशे अशी दिली जाते. कोयनानगरच्या वसाहतीतील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत.

या भूकंपाच्या मूळ कारणाविषयीचा वाद मुख्यतः एका उणिवेवर उभा आहे: १९६२ पूर्वी कोयनेच्या जवळपास भूकंपमापक नव्हता. सर्वांत जवळची वेधशाळा पुण्याची, म्हणजे सरळ रेषेतही शंभराहून अधिक किलोमीटर दूर होती, आणि लहान धक्के तिथे नोंदले जाण्याची शक्यता नव्हती. त्यामुळे ‘धरणापूर्वी हा भाग शांत होता’ हे विधान आणि ‘धरणापूर्वीही येथे धक्के होत असावेत’ हे विधान, दोन्ही थेट नोंदीवर सिद्ध करता येत नाहीत. जुन्या भूकंपसूचींत महाबळेश्वर परिसरात १७६४ च्या सुमारास झालेल्या एका भूकंपाचा उल्लेख आढळतो, आणि नैसर्गिक कारण मानणारे अभ्यासक त्याचा आधार घेतात. त्यांच्या मते पश्चिम किनाऱ्याला समांतर जाणारे विभंग (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात अशा भेगा), सह्याद्रीचा उभा कडा आणि कोयनेची सरळ दक्षिणोत्तर दरी ही सारी जुन्या भूहालचालींची चिन्हे आहेत, आणि १९६७ चा भूकंप त्याच मालिकेतला होय. १९६७ पर्यंत दक्षिणेचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर भूखंड मानले जात होते. त्या धारणेला तडा गेल्यावर जलाशयाऐवजी एखादा लपलेला विभंग शोधण्याकडे अनेकांचा ओढा असणे समजण्यासारखे आहे.

दुसऱ्या बाजूला जगभरातील तुलनात्मक पुरावा होता. अमेरिकेतील लेक मीड भरल्यानंतर वाढलेल्या धक्क्यांचा संबंध डी. एस. कार्डर यांनी १९४५ मध्येच जलाशयाशी लावला होता. १९६० च्या दशकात चीनमधील सिनफेंगज्यांग, झांबिया–झिंबाब्वे सीमेवरील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे जलाशय भरल्यावर ६ हून अधिक परिमाणाचे भूकंप झाले. फ्रेंच भूकंपशास्त्रज्ञ जे. पी. रोथे यांनी १९६८ मध्ये ही उदाहरणे कोयनेशी जोडून जलाशय व भूकंप यांचा कार्यकारणसंबंध ठामपणे मांडला. भारतात पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने पाण्याची पातळी व धक्क्यांची संख्या यांची आकडेवारी शेजारी ठेवून हा संबंध तपासला. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या विषयाला पाठ्यपुस्तकाचे रूप दिले. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर सप्टेंबरच्या आसपास आणि पुन्हा डिसेंबरच्या सुमारास धक्के वाढतात, हा दशकानुदशके दिसत आलेला क्रम योगायोगाने स्पष्ट होत नाही. त्यामुळे जलाशयाचा वाटा आहे हे मत आज अधिक ग्राह्य आहे. विभंग व त्यावरचा ताण मात्र निसर्गाचाच आहे, आणि या अर्थाने दोन्ही पक्षांचे म्हणणे पूर्णपणे परस्परविरोधी नाही.

पाणी नेमके काय करते? पहिले उत्तर वजनाचे आहे. दर १० मीटर पाण्याचा दाब साधारण एक वातावरणदाबाइतका असतो, म्हणजे १०० मीटर खोल पाण्याचाही तळावरचा दाब सुमारे १० वातावरणदाब, आणि खोलीबरोबर त्याचा परिणाम झपाट्याने कमी होत जातो. काही किलोमीटर खोल असलेला विभंग केवळ एवढ्या भाराने सरकावा हे संभवत नाही. दुसरे उत्तर रंध्रदाबाचे आहे. खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून दूर ढकलतो. त्यामुळे त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे घर्षण कमी होते आणि सरकण्याच्या बेतात आलेला विभंग सरकतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ ते १९६६ या काळात सुमारे ३,६७१ मीटर खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडले जात असताना धक्के सुरू झाले, आणि या विचाराला जवळजवळ प्रयोगाइतका भक्कम आधार मिळाला. दाब भेगांतून खोलवर पोचायला वेळ लागतो. सिम्पसन यांनी १९८६ मध्ये जलाशय भरताच मिळणारा तत्काळ प्रतिसाद आणि उशिरा मिळणारा प्रतिसाद असे दोन प्रकार केले, त्यामागे हेच कारण होते. कोयनेला मात्र पाणी साठल्यानंतर पाच-सहा दशकांनीही धक्के थांबलेले नाहीत. प्रदीप तलवानी यांनी अशा प्रकाराला दीर्घकाळ चालणारी भूकंपीयता म्हटले आणि पातळीतील वार्षिक चढउताराला त्याचे श्रेय दिले.

गुप्ता यांच्या मते पातळी आठवड्याला १२ मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने चढली, पूर्वीची सर्वोच्च पातळी ओलांडली गेली आणि उंच पातळी दीर्घकाळ टिकली, तर ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाच्या धक्क्याची शक्यता वाढते. १९६७, १९७३ व १९८० या वर्षांचे मोठे धक्के या चौकटीत बसवले जातात. हा निकष उपयुक्त असला तरी धोरण म्हणून तो राबवणे अवघड आहे. जलाशय किती वेगाने भरावा हे पाटण व महाबळेश्वरच्या डोंगरातला पाऊस ठरवतो, आणि किती पाणी सोडावे हे ठरवताना कराड व सांगलीच्या पुराची चिंता पुढे असते. सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पातळी ४५ फुटांवर गेली की ती धोक्याची समजली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या आकड्याकडे डोळे लागलेले असताना पातळी चढण्याचा साप्ताहिक वेग हा निर्णयाचा पहिला आधार होऊ शकत नाही.

चांदोली येथील वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत धक्क्यांची अपिकेंद्रे (नाभीच्या थेट वरची भूपृष्ठावरील ठिकाणे) कोयनेकडून दक्षिणेला सरकली. डिसेंबर १९९३ व फेब्रुवारी १९९४ मध्ये वारणेच्या बाजूला ५ च्या वरचे धक्के बसले. ज्या खोऱ्यात पूर्वी कोयनेची नुसती कंपने पोहोचत, तिथे जलाशय झाल्यावर धक्क्यांचे केंद्रच सरकून यावे, हा जलाशयाच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा म्हणावा लागेल. तरीही वारणेकडच्या अनुभवावरचे लेखन कोयनेच्या मानाने फार तोकडे आहे.

पृष्ठभागावरून केलेल्या अनुमानांना मर्यादा असल्याने खडकातच उतरून पाहण्याची कल्पना पुढे आली. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे वेधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली, आणि कोयना–वारणा परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीची अनेक वेधनविवरे (खडकात पाडलेली खोल, अरुंद छिद्रे) घेण्यात आली. २०१७ मध्ये गोठणे येथील विवर सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. कोयनानगरजवळच्या रासाटीच्या विवरातून काढलेल्या गाभ्यात (खडकाच्या दंडगोलाकार नमुन्यात) काळ्या बेसाल्टाचा थर सुमारे ९३० मीटर जाड निघाला. परिसरात इतरत्र ही जाडी ४०० ते १,२५० मीटर अशी बदलते. या थराच्या तळाशी गाळाच्या खडकांचे थर असावेत अशी काहींची अटकळ होती. प्रत्यक्षात लाव्ह्याचा शेवटचा थर थेट प्राचीन ग्रॅनाइट-पट्टिताश्मावर (पट्टे असलेल्या रूपांतरित खडकावर) बसलेला आढळला. धक्क्यांच्या नाभी बहुतांशी या पट्टिताश्मात, १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर असतात. त्यामुळे पाण्याच्या वाटा बेसाल्टात नव्हे, तर त्याखालच्या जुन्या भेगांत शोधल्या पाहिजेत, हे स्पष्ट झाले.

मे २००६ मध्ये लहान धक्क्यांच्या समूहाचे निरीक्षण करून सुमारे ४ परिमाणाच्या धक्क्याचे अल्पमुदतीचे अनुमान जाहीर करण्यात आले, आणि त्याच महिन्यात ४.२ परिमाणाचा धक्का बसला. हे यश नोंद घेण्याजोगे आहे. मात्र ज्या पट्ट्यात या आकाराचे धक्के वारंवार होतात तिथे काही अनुमाने निव्वळ संभाव्यतेनेही खरी ठरू शकतात, म्हणून अशा भाकितांच्या यशापयशाचा एकत्रित हिशोब ठेवणे आवश्यक आहे.

धरण अभियांत्रिकीत कोयनेचे स्थान वेगळ्या कारणाने आहे. धरणाच्या एका खंडात बसवलेल्या त्वरणमापकाने ११ डिसेंबरला धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट त्वरण नोंदवले. आराखड्यात धरलेले भूकंपबल ०.०५ पट, म्हणजे त्याच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी होते. धरण उभे राहिले, पण सांडव्याबाहेरच्या उंच खंडांना माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, पायथ्याकडच्या बाजूचा उतार जिथे बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. त्या भेगा भरून या खंडांना मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण २००४ नंतर झाले. कोयनेची त्वरणनोंद आजही जगभरातील काँक्रीट धरणांच्या संगणकीय चाचण्यांत वापरली जाते.

धोरणाच्या बाजूने पाहता १९६७ नंतर देशाचा भूकंपक्षेत्र नकाशा सुधारण्यात आला आणि कोयना परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, क्षेत्रात गेला. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार ३० मीटर किंवा त्याहून उंच धरणांच्या मालकांवर भूकंपमापन केंद्र ठेवण्याची जबाबदारी आली. लोकांपर्यंत पोहोचणारी माहिती मात्र अजूनही एका ठराविक बातमीची आहे: धक्क्याची वेळ, रिश्टर स्केलवरचा आकडा, हेळवाकपासून किंवा वारणावतीपासून केंद्रबिंदूचे अंतर, आणि ‘धरणाला कोणताही धोका नाही’ हे शेवटचे वाक्य. हे वाक्य बहुधा खरे असते; पण ते कोणत्या तपासणीच्या आधारे लिहिले, हेही पाटण व शिराळ्याच्या वाचकाला सांगितले जायला हवे. १९६७ च्या बाधितांच्या कुटुंबांसाठी राज्यात ‘भूकंपग्रस्त’ हा प्रवर्ग असून शासकीय नोकरभरतीत त्याला २ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी लागणारा दाखला पाटण तालुक्यातील तरुण आजही मागतात, आणि तो भूकंपग्रस्त व्यक्तीच्या कोणत्या पिढीपर्यंत द्यावा हा प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा उपस्थित होतो.