‘अंगावर काढलं’ याला रकाना नाही

“किती दिवसांपासून त्रास आहे?”

“लई दिवस झाले की. अंगावरच काढलं.”

बीडकडच्या कुठल्याही उपकेंद्रात हे उत्तर ऐकू येतं. नोंदवहीत त्याचं ‘उशिरा आली’ होतं आणि विषय संपतो. पण का काढलं अंगावर? पैसे नव्हते, सोबत यायला कुणी नव्हतं, की फडावरचा खाडा परवडत नव्हता?

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त जणींपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एवढं मोजल्यामुळंच कळलं. मात्र पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढण्यापर्यंत कशी पोचते, हे तिच्याकडूनच ऐकावं लागतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या जिवावर घेतलेली, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. हे ज्याला ठाऊकच नाही, तो प्रश्नावलीत त्याचा रकाना आखणार कुठून?

गुणात्मक संशोधन, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यातून समजून घेणं, इथं कामाला येतं. ‘नुसत्या गप्पा’ म्हणून त्याला नाकं मुरडणारे डॉक्टर कमी नाहीत. त्यांनी एकदा एका तासाची मुलाखत शब्दन् शब्द उतरवून पाहावी. मग ओळीओळीला खुणा करायच्या: ‘खाडा’, ‘उचल’, ‘कॅन्सरची धास्ती’. पुढच्या बाईला काय विचारायचं, ते या खुणांवरून ठरतं. ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ही रीत मांडली. नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. याला संपृक्तता म्हणतात. म्हणून कधी कधी वीसेक जणीही पुरतात, फक्त त्या वेगवेगळ्या हव्यात: टोळीत जाणारी, गावी राहिलेली, पिशवी काढलेली, न काढलेली. यावरून टक्केवारी मात्र सांगू नये.

विचारतंय कोण, यावरही उत्तर बदलतं. टेबलामागून डॉक्टरांनी विचारलं तर “घेते की गोळ्या, साहेब.” खोपीसमोर चुलीशी बसून आशाताईंनी विचारलं तर कदाचित गोळ्यांचं न फोडलेलं पाकीटच बाहेर येतं.

आर्थर क्लाइनमन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. रोग्याला विचारायचे काही साधे प्रश्न त्यांनी १९७० च्या दशकात सुचवले. त्यातला एक: या आजारात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

समजा, उत्तर आलं, “पिशवी ठेवली तर कॅन्सर व्हतो म्हणं.”

“कुणी सांगितलं?”

“डॉक्टरच म्हणले.”