विएत्रीची मजोलिका : कौटुंबिक कारखाने, बाहेरून आलेले चित्रकार आणि परंपरेचा वाद

कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगवलेली मातीची भांडी, म्हणजेच मजोलिका, इराककडून मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमार्गे इटलीत पोहोचली आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत फाएन्झा, देरुता व उर्बिनो येथे भरभराटीला आली, हा इतिहास सुपरिचित आहे. अठराव्या शतकात पोर्सेलिन आणि इंग्लंडमधील स्वस्त, फिकट पिवळसर भांडी बाजारात आल्यावर सरदार-दरकदारांचे गिऱ्हाईक तुटले. पुढे तग धरली ती मुख्यतः रोजच्या वापरातील ताटे, घागरी आणि फरशा करणाऱ्या गावांनी. सालेर्नोला लागून, अमाल्फी किनाऱ्याच्या सुरुवातीलाच वसलेले विएत्री सुल मारे हे त्यांपैकी एक असून, तेथील मुख्य चर्चचा घुमटही मजोलिकाच्या फरशांनीच मढवलेला आहे. आज या गावातील कौटुंबिक कारखान्यांत जुने तंत्र आणि आधुनिक डिझाइन यांचा जो मेळ दिसतो, तो अलीकडच्या पिढीने घातला असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घातला गेला होता, आणि त्याचे श्रेय कोणाचे हा वाद अजून मिटलेला नाही.

१९२० च्या दशकात जर्मनी आणि मध्य युरोपातून काही तरुण चित्रकार व शिल्पकार विएत्रीत येऊन राहू लागले. पहिल्या महायुद्धानंतरची अस्थिरता, दक्षिणेच्या उजेडाची ओढ आणि स्वस्त राहणीमान अशी कारणे त्यामागे होती. त्यांना तेथे चालू भट्ट्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चाकावर बसलेले कारागीर आयतेच मिळाले. त्यांनी ताटांवर कोळी, बोटी, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बायका आणि गाढव असे रोजचे जग मोजक्या रेषांत आणले. त्यातले गाढव पुढे गावाची ओळखच होऊन बसले, आणि आज विएत्रीतील दुकानादुकानांतून परंपरेचे प्रतीक म्हणून ते विकले जाते. या काळाला ‘जर्मन कालखंड’ म्हणतात आणि तो साधारणपणे १९४७ पर्यंत धरतात. मात्र त्यातील सर्वच मंडळी जर्मन नव्हती. वॉर्सात जन्मलेल्या आणि व्हिएन्नात वाढलेल्या एका चित्रकर्तीचे काम तर या काळातील उत्कृष्ट कामांत मोडते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी यांपैकी ज्यू मंडळींना इटलीत राहणे कठीण करून सोडले. सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त सैन्याने सालेर्नोच्या आखातात सैनिक उतरवले तेव्हा विएत्रीचा किनाराही त्या मोहिमेत सापडला.

एका मतानुसार या पाहुण्यांनी मरगळलेल्या गावाला नवी दृष्टी दिली आणि आजचे विएत्री हे त्यांचेच देणे आहे. दुसरे मत असे, की पाहुण्यांनी जे रंगवले त्याला आधार स्थानिक हातांचाच होता. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक वजनदार वाटते, आणि त्याचे कारण मजोलिकाच्या कामाच्या पद्धतीतच आहे. चाकावर घडवलेले भांडे एकदा भाजून घेतात आणि मग झिलईच्या पातळ द्रावणात बुडवतात. वाळलेला थर खडूसारखा भुरभुरीत असतो आणि कुंचल्यातले पाणी क्षणात शोषून घेतो. त्यामुळे उमटलेली रेघ पुसता येत नाही, आणि हात अडखळला तर तेथे रंगाचा ठिपका साचतो. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा आणि मँगनीजचा जांभळट तपकिरी हे रंग भट्टीत घालण्यापूर्वी वेगळेच दिसतात. सुमारे ९०० ते ९५० अंशांच्या दुसऱ्या भाजणीनंतरच ते खुलतात. झिलई किती दाट ठेवायची आणि भट्टीचा ताव कधी थांबवायचा, हे चित्रकलेच्या शिक्षणातून येत नाही. ते ज्यांना येत होते त्यांची घराणी गावात होती. चित्रकारांच्या सह्या ताटांवर राहिल्या, पण ताट घडवणाऱ्याची आणि भाजणाऱ्याची नोंद बहुधा झालीच नाही. शेजारच्या राइतो गावातील संग्रहालयात या कालखंडासाठी स्वतंत्र दालन आहे आणि ते योग्यच आहे. चाकावरच्या कारागिरांनाही तितकीच जागा मिळायला हवी.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात एका कुंभार कुटुंबाने आपला नवा कारखाना बांधून घेण्याचे काम ट्युरिनच्या एका तरुण वास्तुविशारदाला दिले. तो अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात शिकून नुकताच परतला होता. रस्त्याकडेच्या दर्शनी भागात उलट्या शंकूंची रांग, त्यांच्या मधल्या फटींत काच आणि शंकूंवर हिरव्या झिलईचे व कोऱ्या भाजक्या मातीचे गोल तुकडे, अशी ही इमारत आहे. तेवढा माल पुरवण्याची कुवत त्या कुटुंबाच्या भट्ट्यांत होती, म्हणूनच ती उभी राहू शकली. चाकावर घडलेली वस्तू थेट वास्तूचा भाग झाल्याचे इतके धीट उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

९ जुलै १९९० च्या कायदा क्रमांक १८८ ने परंपरेची व्याख्या सरकारी चौकटीत आणली. मान्यताप्राप्त गावांतील जुने आकार, नक्षी आणि तंत्रे यांना त्याने संरक्षण दिले, आणि परंपरेतून स्वाभाविकपणे पुढे आलेल्या नव्या कामालाही जागा ठेवली. विएत्रीसारख्या गावासाठी ही तरतूद फार मोलाची ठरते, कारण केवळ प्राचीन तेच परंपरा म्हटले तर गाढवही तिच्यात बसत नाही. ‘स्वाभाविक’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र एकरंगी, नक्षीविरहित ताट घडवणाऱ्या आजच्या कारखान्यापुढे कायम आहे.

व्यवहारात अधिक खोलवरचा बदल शिशामुळे झाला. झिलईला चकाकी आणि खोली देणारे शिसे अन्नात उतरू नये म्हणून युरोपीय निर्देशाने १९८४ मध्ये मर्यादा घातल्या. वाडगे-घागरींसारख्या खोलगट भांड्यांसाठी ती लिटरमागे ४ मिलिग्रॅम ठरली, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी १.५ मिलिग्रॅम. कारखान्यांना शिशाविना झिलई वापरावी लागली, आणि ती जुन्या रंगांना तशीच साथ देत नाही. विजेच्या भट्ट्यांमुळे ताव हवा तसा राखता येऊ लागला, पण लाकडाच्या जाळाने येणारी रंगछटांची विविधता कमी झाली. दुरून निव्वळ सौंदर्यदृष्टीतून आलेली वाटणारी मंद झिलई आणि मोकळ्या पांढऱ्या जागा यांच्यामागे या नव्या मिश्रणांशी जुळवून घेण्याची खटपटही आहे.